जठराची राखण



आपल्या घरांतून औषधांची जी एखादी डबी असते, ती उघडून पाहिली तर काही गोळ्या जोडीने नांदताना आढळतात. स्टेरॉइड वर्गातील प्रेडनिसोलोनची बारीकशी गोळी आणि तिच्या शेजारी ‘पोटाची गोळी’ ही अशीच एक जोडी. सकाळी उपाशीपोटी एक, न्याहारीनंतर दुसरी, असा क्रम ठरलेला असतो. स्टेरॉइडची गोळी सांध्यांची सूज, दमा, त्वचेचे आणि मूत्रपिंडाचे काही विकार यांसाठी. आणि पोटाची गोळी, त्या स्टेरॉइडने जठराला इजा होऊ नये म्हणून. ही जोडी कोणी जुळवली, कधी जुळवली, आणि जुळवताना पत्रिका नीट पाहिली होती काय, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी वैद्य नाही. इतिहास विषय घेऊन मी एम. ए. झालो आणि पुढचे सारे आयुष्य सरकारी कागदांच्या सहवासात गेले. या विषयाकडे मी वळलो तो जिज्ञासेपोटी नव्हे, धास्तीपोटी. काही वर्षांपूर्वी माझी आई कऱ्हाडहून दिल्लीस माझ्याकडे राहावयास आली. तिला आमवाताचा जुना आजार. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन थोड्या मात्रेत सुरू केले होते आणि सोबत पोटाची गोळी दिली होती. कचेरीतील माणसाला शोभेल अशा काटेकोरपणाने मी दोन्ही गोळ्यांची नोंद ठेवी. एकही दिवस चुकला नाही. तरीही एके दिवशी पहाटे आई न्हाणीघराच्या दाराशी भोवळ येऊन पडली. दोन दिवस तिला डांबरासारखे काळे शौच होत होते आणि संकोचामुळे ती ते बोलली नव्हती. जठरात व्रण होऊन त्यातून रक्त वाहत होते. सुदैवाने ती वाचली. परंतु राखणदार नेमलेला असताना शेत खाल्ले कोणी, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. रुग्णालयातील एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आईला एकच प्रश्न विचारला आणि सारा उलगडा झाला. तो प्रश्न कोणता, हे मी ओघात सांगेन. पण त्या प्रश्नाचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

जठर हा अवयव मुळातच एक आश्चर्य आहे. मांस पचवणारे आम्ल ज्या पिशवीत तयार होते, ती पिशवीही मांसाचीच आहे. ती स्वतःला कशी पचवीत नाही? जठरातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल होय, असे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ साली प्रसिद्ध केले. त्याच सुमारास अमेरिकेत एक विलक्षण घटना घडली होती. १८२२ च्या जूनमध्ये मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुणाला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचवले; पण जखम भरताना पोटावर एक भोक कायमचे राहिले. त्या भोकातून बोमाँटनी रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून आत सोडले, ठराविक वेळाने बाहेर काढून पाहिले, आणि अशा दोनशेहून अधिक प्रयोगांची हकीकत १८३३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जिवंत माणसाचे जठर काम करताना कसे दिसते, हे जगाला प्रथम समजले ते या खिडकीतून. पुढे हेही कळून आले की, जठराच्या आतील बाजूस श्लेष्म्याचा एक दाट थर असतो, त्या थरात आम्ल मारणारा क्षार पाझरत असतो, आणि खालचे पेशींचे अस्तर झिजले की लगोलग नवे तयार होत असते. म्हणजे जठराची मूळ राखण जठर स्वतःच करीत असते. भिंतीची रोज थोडी पडझड व्हावी आणि गवंड्याने ती रोजच्या रोज बुजवावी, असा हा संसार आहे. व्रण होतो तो पडझड वाढली किंवा डागडुजी थांबली तरच.

आता स्टेरॉइडकडे वळू. प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक लहान ग्रंथी असते. तिला आपण अधिवृक्क ग्रंथी म्हणतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर या गावी मेयो क्लिनिक म्हणून जगप्रसिद्ध रुग्णालय आहे. तेथील रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल यांनी, आणि स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथे ताडेउश राइखश्टाइन यांनी, १९३० नंतरच्या दशकात या ग्रंथीतील संप्रेरके एकेक करून वेगळी काढली. मेयो क्लिनिकमध्येच फिलिप हेंच नावाचे आमवाताचे वैद्य होते. १९२९ साली त्यांच्या ध्यानात आले की, आमवाताच्या रुग्णाला कावीळ झाली म्हणजे त्याचे सांधे काही काळ मोकळे होतात. स्त्री गरोदर असतानाही असाच उतार पडतो. तेव्हा शरीरातच असा एखादा पदार्थ असला पाहिजे की जो या रोगाला आवर घालतो, असा तर्क करून हेंच वीस वर्षे त्याच्या मागावर राहिले. एका व्याधीने दुसरी व्याधी निवते, ही गोष्ट पुष्कळांनी पाहिली असेल. तिला प्रश्नाचे रूप दिले ते हेंचनी.

केंडल यांचे ‘संयुग ई’ पुरेशा प्रमाणात हाती येईना. मर्क कंपनीतील तरुण रसायनशास्त्रज्ञ लुइस सॅरेट यांनी १९४४ साली ते बैलाच्या पित्तापासून तीसहून अधिक पायऱ्यांनी तयार करून दाखवले. येथे मराठी माणसाला थोडी गंमत वाटेल. आपण ‘मला पित्त झाले आहे’ असे म्हणतो ते जठरातील आम्लाविषयी; आणि पुढे ज्या औषधावर पोटात ‘पित्त’ माजवण्याचा आरोप आला, ते औषध जन्माला आले खऱ्याखुऱ्या पित्तातून.

१९४८ च्या २१ सप्टेंबरला हेंच यांच्या एका रुग्णाला या औषधाचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. ती एकोणतीस वर्षांची स्त्री होती; आमवाताने तिला अंथरुणास खिळवले होते. रोज १०० मिलिग्रॅम औषध मिळू लागले, आणि तीनचार दिवसांत ती चालू लागली. आठवडा होतो न होतो तोच बाजारात जाऊन खरेदी करून आली. १९४९ च्या एप्रिलमध्ये ही हकीकत वैद्यांच्या सभेपुढे मांडली गेली आणि १९५० साली केंडल, राइखश्टाइन व हेंच या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोध लागल्यावर इतक्या लवकर मिळालेली नोबेल पारितोषिके फारशी नाहीत. औषधाचे नाव पडले कॉर्टिसोन. प्रारंभी त्याची किंमत ग्रॅमला २०० डॉलर होती. १९५२ साली अपजॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांना असे आढळले की, ऱ्हायझोपस नावाची बुरशी, म्हणजे शिळ्या पावावर वाढणाऱ्या बुरशीचीच भावकी, या रसायनातील सर्वांत अवघड पायरी एका झटक्यात पार पाडते. कच्चा माल म्हणून मेक्सिकोच्या जंगलातील एका कंदाचा उपयोग होऊ लागला. औषध स्वस्त झाले. १९५५ साली प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन ही अधिक प्रभावी भावंडे बाजारात आली आणि पाठोपाठ डेक्सामेथासोन आले. सात वर्षांपूर्वी जे औषध तोळामासा मिळत होते, ते आता जगभर वाहू लागले.

कौतुकाचा पहिला बहर ओसरताच तक्रारी येऊ लागल्या. चेहरा वाटोळा होणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, जंतुसंसर्गाला शरीर बळी पडणे, असे एकामागून एक दोष दिसले. १९५२ साली आणखी एक गंभीर गोष्ट उघडकीस आली. बाहेरून औषध मिळत राहिले की शरीराची ग्रंथी आळसावते. आणि मग औषध एकाएकी थांबवले किंवा शस्त्रक्रियेसारखा ताण आला, तर रुग्ण दगावू शकतो. याच काळात कॉर्टिसोन घेणाऱ्या रुग्णांच्या जठरात व्रण होतात, ते फुटतात, त्यांतून रक्त वाहते, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या.

या नोंदींवर विश्वास बसायला जमीन आधीच नांगरलेली होती. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली मॉन्ट्रियल येथे उंदरांवर प्रयोग करून दाखवले होते की, प्राण्याला कोणत्याही प्रकारचा तीव्र ताण दिला तर तीन गोष्टी घडतात: अधिवृक्क ग्रंथी फुगते, छातीतील थायमस ग्रंथी आक्रसते, आणि जठरात व आतड्याच्या आरंभी रक्ताळलेले व्रण उठतात. फुगलेली ग्रंथी आणि जठरातील व्रण एकाच वेळी दिसतात, तेव्हा त्या ग्रंथीचा स्रावच व्रणाला कारण असला पाहिजे, असे अनुमान निघाले. ते वरवर पाहता अगदी सरळ होते. मग कॉर्टिसोन दिले की सोबत दूध द्यावे, आम्लनाशक चूर्ण द्यावे, असा प्रघात पडला. दर तासाला दूध आणि साय, मध्ये क्षार, हा व्रणावरचा उपचार शिकागोच्या बर्ट्रम सिप्पी यांनी १९१५ सालीच रूढ केला होता. तोच आता व्रण होण्याआधी, सावधगिरी म्हणून वापरला जाऊ लागला. आपली जोडी जुळली ती येथे.

सरकारी कचेरीत काम करणाऱ्यांना एक अनुभव असतो. एखाद्या जुन्या टिपणीत कोणी एक वाक्य लिहून ठेवतो. पुढचा अधिकारी ‘वरील टिपणीस अनुसरून’ म्हणून तेच पुढे नेतो. तिसरा ‘प्रचलित पद्धतीप्रमाणे’ असे लिहितो. दहा वर्षांनी त्या वाक्याला नियमाची प्रतिष्ठा येते, आणि मूळ कागद कोणी पाहिलेलाच नसतो. ‘स्टेरॉइडमुळे जठरव्रण होतो’ या वाक्याचा प्रवास थोडाबहुत असाच झाला. ते पाठ्यपुस्तकात गेले, परीक्षेच्या उत्तरात गेले, आणि औषधाच्या चिठ्ठीत उतरले.

या टिपणीत एक गोष्ट कोणी नीट तपासली नव्हती. कॉर्टिसोन मुख्यतः कोणाला दिले जात होते? आमवाताच्या रुग्णांना. आणि हे रुग्ण त्याआधी आणि त्याबरोबर आणखी काय घेत होते? ॲस्पिरिन! १८९९ पासून बाजारात असलेले हे औषध आमवाताचे रुग्ण वर्षानुवर्षे मोठ्या मात्रेत घेत. त्याचा जठरावर काय परिणाम होतो, हेही अगदीच अज्ञात नव्हते. १९३८ साली लंडनमध्ये डाउथवेट आणि लिंटॉट या दोन डॉक्टरांनी दुर्बिणीसारखी नळी जठरात घालून पाहिले होते, आणि ॲस्पिरिन पडते तेथे अस्तर लाल होऊन सुजते, असे लिहून ठेवले होते. पण ॲस्पिरिन घरोघरी होते, जुने होते, विनाचिठ्ठी मिळत होते. कॉर्टिसोन नवे आणि दबदब्याचे. गावात चोरी झाली की संशय परक्यावर जातो, ओळखीच्या माणसावर जात नाही, त्यातलाच हा प्रकार.

ही टिपणी प्रथम कसोशीने तपासली ती १९७६ साली. हॅरोल्ड कॉन आणि ब्लिट्झर या अमेरिकन वैद्यांनी अशा चाचण्या गोळा केल्या की, ज्यांत सारख्याच रुग्णांचे दोन गट करून एकाला स्टेरॉइड व दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली होती. दोन्ही गटांतील व्रणांची मोजदाद करून त्यांनी निष्कर्ष काढला की, स्टेरॉइडचा आणि व्रणाचा संबंध सिद्ध होत नाही. पंचवीस वर्षांची समजूत एका लेखाने हादरली. पण १९८३ साली मेसर, चामर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७१ चाचण्या एकत्र करून उलट कौल दिला. त्यांच्या गणनेत स्टेरॉइड घेणाऱ्यांपैकी शेकडा १.८ जणांना व्रण झाला होता, न घेणाऱ्यांपैकी शेकडा ०.८ जणांना. म्हणजे दुपटीहून अधिक. १९९४ साली कॉन यांनी प्वान्यार या सहकाऱ्याबरोबर ९३ चाचण्यांची बेरीज केली. तेव्हा आकडे निघाले शेकडा ०.४ आणि ०.३. एकाच प्रश्नावर तीन निकाल! तरीही एक गोष्ट या सर्व आकड्यांतून दिसते. वाद कितीही असला तरी तो शंभरात एकदोघांपुरता आहे. घाबरवणारी कल्पना आणि मोजलेली संख्या यांत पुष्कळ अंतर होते.

खरा उलगडा मात्र १९९१ सालीच झाला होता. टेनेसी राज्यात सरकारी वैद्यकीय साहाय्य घेणाऱ्या ६५ वर्षांवरील लोकांच्या नोंदी पायपर, रे, ग्रिफिन आदी संशोधकांनी तपासल्या. त्यांनी एक साधी गोष्ट केली. स्टेरॉइड घेणाऱ्यांचे दोन भाग पाडले: जे वेदनाशामकेही घेत होते ते, आणि जे घेत नव्हते ते. ॲस्पिरिनच्या जातकुळीतील आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, इंडोमेथासिन यांसारखी सूज उतरवणारी वेदनाशामके येथे अभिप्रेत आहेत. निष्कर्ष असा निघाला: नुसते स्टेरॉइड घेणाऱ्यांचा धोका काहीच न घेणाऱ्यांच्या १.१ पट, म्हणजे जवळजवळ तेवढाच. आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचा धोका काहीच न घेणाऱ्यांच्या सुमारे १५ पट! ज्याला आपण एका औषधाचा गुन्हा समजत होतो, तो दोघांच्या संगनमताचा होता.

असे का व्हावे, याचे उत्तरही तोवर मिळालेले होते. १९७१ साली लंडनमध्ये जॉन वेन यांनी दाखवून दिले की, ॲस्पिरिन शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखते. सूज आणि वेदना त्यामुळे कमी होतात; पण जठराच्या श्लेष्म्याचा थर आणि अस्तराचा रक्तपुरवठा हीच द्रव्ये सांभाळत असतात. या कामाबद्दल वेन यांना १९८२ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मघाच्या भिंतीकडे पुन्हा पाहा. वेदनाशामक औषध भिंतीचा गिलावा काढून टाकते. स्टेरॉइड जखम भरून येण्याची क्रिया मंद करते, म्हणजे गवंड्याचा हात धरते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत घातक: स्टेरॉइड वेदना आणि दाह यांना झाकून टाकते. व्रण फुटला तरी पोट दुखत नाही, ताप येत नाही. भिंत पडत असते आणि पहारेकरी झोपलेला असतो. माझ्या आईचे पोट एकदाही दुखले नव्हते.

आता तो प्रश्न सांगतो. त्या डॉक्टरीणबाईंनी आईच्या उशाशी बसून विचारले, “आजी, या दोन गोळ्यांशिवाय आणखी काय घेता?”

आई म्हणाली, “औषध असं काहीच नाही हो. गुडघा फारच ठणकला तर ती गुलाबी गोळी घेते एखादी.”

ती गुलाबी गोळी डायक्लोफिनॅकची होती. ती कोपऱ्यावरच्या दुकानातून आमच्या घरी कामास येणाऱ्या मुलीकरवी मागवली जाई, बिनचिठ्ठीची, चारदोन सुट्या गोळ्या. ती आईच्या बटव्यात असे, सुपारी आणि ओवा यांच्या शेजारी. एके काळी आजीबाईच्या बटव्यात सुंठ आणि हिरडा असे. आता त्या बटव्यात हे आले आहे आणि त्याला कोणी औषध म्हणत नाही. माझ्या काटेकोर नोंदवहीत त्या गोळीची नोंदच नव्हती, कारण मी कधी विचारलेच नव्हते.

पण मी पोटाची गोळी नियमाने देत होतो, तिचे काय? तिचाही इतिहास थोडक्यात पाहू. जेम्स ब्लॅक यांनी इंग्लंडमध्ये सिमेटिडिन तयार केले आणि १९७६ साली ते बाजारात आले. जठरातील आम्ल कमी करणारे हे पहिले खरोखर प्रभावी औषध. ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८१ साली रॅनिटिडिन आले आणि आपल्या देशात घराघरांत पोहोचले. नंतर त्यात कर्करोगास कारण होऊ शकणारी अशुद्धी आढळल्यामुळे अमेरिकेने ते २०२० साली बाजारातून काढायला लावले, आणि भारताने २०२२ साली आपल्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळले. १९८८ साली स्वीडनमधून ओमेप्राझोल आले. त्याच्या वर्गातील औषधे आम्लाचा उगमच रोखतात, आणि आज ‘पोटाची गोळी’ म्हणजे बहुधा यांपैकीच एक. दरम्यान १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरात राहणारा एक जंतू वाढवून दाखवला. जगाचा विश्वास बसेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली तो जंतू स्वतः प्राशन केला आणि स्वतःच्या जठराला दाह झालेला सिद्ध करून दाखवला. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्या जंतूचे नाव. २००५ साली या दोघांना नोबेल मिळाले. ज्या व्रणांना आपण चिंता, तिखट आणि कधी स्टेरॉइड यांच्या नावावर खर्ची घालत होतो, त्यांतील पुष्कळसे या जंतूच्या खात्यावरचे होते.

ही आम्लरोधक औषधे व्रणाचा धोका कमी करतात, शून्य करीत नाहीत. आईच्या बाबतीत ती गोळी नसती, तर कदाचित मी हे भाषण वेगळ्या मनःस्थितीत लिहिले असते. परंतु त्या गोळीमुळे माझी समजूत झाली होती की आता राखण झाली, आता विचारण्यासारखे काही उरले नाही. शिवाय ही गोळीही अगदी निरुपद्रवी नाही. ती दीर्घकाळ घेणाऱ्यांत हाडे मोडण्याचे प्रमाण काहीसे अधिक आढळते, याविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली सूचना काढली. आतड्याच्या काही संसर्गांशीही तिचा संबंध दिसला आहे. स्टेरॉइड स्वतःच हाडे ठिसूळ करते. तेव्हा कारण नसताना सोबत वर्षानुवर्षे आम्लरोधकही चालू ठेवणे म्हणजे एका बाजूची भिंत सांभाळताना दुसऱ्या बाजूचे वासे सैल करणे होय.

मग आज जाणते लोक काय सांगतात? २०१४ साली नॉर्वेतील संशोधकांनी १५९ चाचण्यांतील ३३ हजारांवर रुग्णांची मोजणी केली. स्टेरॉइड घेणाऱ्यांत जठर वा आतड्यातून रक्तस्राव होण्याचे किंवा ते फुटण्याचे प्रमाण शेकडा २.९, इतरांत २.० असे आढळले. पण ही वाढ स्पष्ट दिसली ती रुग्णालयात दाखल असलेल्या, मुळातच गंभीर आजारी लोकांत. घरी राहून औषध घेणाऱ्यांत ती सिद्ध झाली नाही. तेव्हा राखण कोणाची करावी, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जो स्टेरॉइडबरोबर वेदनाशामक किंवा हृदयासाठी ॲस्पिरिन घेतो, ज्याला पूर्वी व्रण झाला आहे, जो वयोवृद्ध आहे, जो गंभीर आजारी आहे, त्याला आम्लरोधकाची गरज बहुधा असते. ज्याला यांपैकी काहीच लागू नाही, त्याला नुसत्या स्टेरॉइडसाठी ते बहुधा लागत नाही. हा निवाडा अर्थातच डॉक्टरांनी करायचा आहे. स्टेरॉइड अन्नाबरोबर घेतल्याने मळमळ आणि जळजळ कमी होते, म्हणून तसे घ्यावे. पण भरल्या पोटाने व्रण टळतो, असे मात्र समजू नये. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल जठराला पुष्कळच सौम्य आहे. तेही विचारून घ्यावे. शौच काळे झाले, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर क्षणाचा विलंब करू नये आणि संकोच तर मुळीच करू नये. आणि कितीही भीती वाटली तरी दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. १९५२ चा धडा तोच आहे.

आपल्या देशाला हा इतिहास विशेष लागू पडतो. २०२० च्या जूनमध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीतून दिसले की, रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्याने कोविडच्या साथीत कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी होतात. त्याच चाचणीने हेही सांगितले होते की, ज्यांना प्राणवायू लागत नाही त्यांना याचा लाभ नाही. पहिले वाक्य सर्वांनी ऐकले, दुसरे थोड्यांनी. २०२१ च्या उन्हाळ्यात घरोघरी, मनमानी मात्रेत ही गोळी घेतली गेली. साखर बेसुमार वाढली, आणि काळ्या बुरशीने हजारो लोकांच्या डोळ्यांवर आणि प्राणांवर घाला घातला. त्या बुरशीचे मुख्य कूळ ऱ्हायझोपस. ज्या बुरशीने १९५२ साली हे औषध स्वस्त केले, तिचेच. याखेरीज ‘सांधेदुखीवरचे रामबाण चूर्ण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे तपासण्यांत वारंवार आढळले आहे. म्हणजे आपल्याकडे पुष्कळ लोक स्टेरॉइड घेत असतात आणि त्यांना ते ठाऊकही नसते. त्यांच्यापैकी कोणी दुकानातून वेदनाशामक आणले की त्या १५ पटींच्या रांगेत तो नकळत जाऊन उभा राहतो.

रोगापेक्षा इलाज भयंकर, अशी आपल्याकडे म्हण आहे. कॉर्टिसोनचा इतिहास वाचल्यावर मला ती अर्धवट वाटू लागली. हा इलाज भयंकर नव्हता. त्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसांना उभे केले, आणि माझ्या आईलाही आज तोच हिंडतीफिरती ठेवतो. धोका होता तो त्याच्या शेजारी कोण बसले आहे हे न पाहण्यात. वैद्यकशास्त्राला हे कळायला चाळीस वर्षे लागली. मला कळायला एक पहाट लागली, आणि ती फार महाग पडली असती.

आई आता बरी आहे. तिचे प्रेडनिसोलोन अगदी कमी मात्रेवर आले आहे, आणि पोटाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे. माझ्या नोंदवहीला मी एक नवा रकाना जोडला आहे. त्याच्या डोक्यावर ‘इतर’ असे लिहिले आहे. त्यात काढे, चूर्णे, शेजारणीने दिलेल्या गोळ्या, दुकानदाराने सुचवलेल्या पुड्या, सारे येते. डॉक्टरांकडे जाताना आम्ही ती वही घेऊन जातो आणि ते पाहतात तो हाच रकाना प्रथम. आपल्या घरी कोणी स्टेरॉइड घेत असेल, तर आज रात्री निजण्यापूर्वी त्यांच्यापाशी बसावे आणि त्या डॉक्टरीणबाईंचा प्रश्न त्यांना विचारावा. बटवाही उघडून पाहावा. आईच्या बटव्यात आता सुपारी आणि ओवा एवढेच आहे, दर रविवारी ती तो आपण होऊन माझ्यापुढे उघडते आणि म्हणते, “घे रे बाबा, कर तपासणी.”